शेवटच्या डावातला पाय

तोकुनागा : नको, काकू. आज मी चहाला आलेलो नाही.

फुसाए : हे काय नवीन? या घरात येऊन चहा नको म्हणालास, असं आजवर झालं नाही. बाहेर गारठा किती पडलाय! बस आधी. पाय घाल त्या दुलईखाली, आतली शेगडी आत्ताच पेटवलीय.

इसोगाई : बसेल तो. काय रे, काल मंगळवार असून तलवारीचा सराव बुडवलास? तुझ्या शाळेतल्या पोरांच्या परीक्षा वगैरे आहेत की काय?

तोकुनागा : बुडवला नाही, सेन्सेई. काल मी लवकर आलो होतो. म्हटलं, कुणी यायच्या आत तालीम पुसून घ्यावी. दार अर्धवट उघडं होतं. आत तुम्ही होतात आणि तुमचा पुतण्या नाओयोशी होता. ठरलेल्या डावांपैकी शेवटचा, गुरूनं हरायचा डाव चालला होता.

इसोगाई : मग यायचंस आत. दारातून काय बघत बसलास?

तोकुनागा : त्यानं उजवा पाय आत टाकला.

इसोगाई : फुसाए, मुळ्याचं लोणचं आण जरा.

तोकुनागा : लोणचं राहू द्या. त्यानं उजवा पाय आत टाकला, तुमच्या अगदी छातीपाशी. आणि तुमची तलवार त्याच्या पाठीमागून रिकामी गेली. मला तुम्ही शिकवलंत डावा पाय बाहेर टाकायला. काल मी घरी जाऊन अंगणात करून पाहिलं. बायकोच्या हातात तलवार दिली आणि सांगितलं, पूर्ण खाली आण, मध्ये थांबू नकोस.

फुसाए : अरे देवा! लागलं का?

तोकुनागा : हा बघा खांदा. काळानिळा झालाय. लाकडाची होती म्हणून वाचलो.

इसोगाई : हं.

तोकुनागा : "हं" काय, सेन्सेई? डावा पाय बाहेर टाकला तर माणूस मरतो! इतकी वर्षं तुम्ही माझ्यासमोर तलवार वीतभर अलीकडे थांबवत आलात, आणि मला वाटायचं, मी वाचलो. दर मंगळवारी मी जिंकून घरी जायचो. खरं तर दर मंगळवारी मरून घरी जात होतो.

इसोगाई : आवाज खाली. सांगतो. ही जुनी पद्धत आहे, माझ्या गुरूंच्याही आधीची. बाहेरून आलेल्याला बाहेरचा डाव शिकवायचा. न जाणो, उद्या शत्रूला जाऊन मिळाला, तर त्याची उणी जागा आपल्याला माहीत असावी. घराण्याला आपलं रक्षण करावं लागतं.

तोकुनागा : शत्रू? कोण शत्रू? 

फुसाए : पुलापलीकडच्या तालमीतले म्हातारे असतील! त्यातल्या एकाला वाकून धड बूट घालता येत नाहीत.

इसोगाई : तू मध्ये बोलू नकोस.

तोकुनागा : मी बाहेरचा कसा हो? अंगठा कापून रक्तानं शपथ घेतली मी, तुमच्यासमोर, त्या देवघरापुढे. हे बघा, वण आहे अजून. त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, आजपासून तू घरचा. आणि तुमचा उपदेश काय? तलवार माणूस मारायला नाही, स्वतःला सरळ करायला आहे. समोर शत्रू नाहीच, समोर आपणच उभे असतो. हे मी शाळेतल्या पोरांना सांगतो, माझ्या गावच्या तालमीत सांगतो, त्यावर मी अख्खं आयुष्य काढलं. आणि ज्यानं मला ते सांगितलं तो मलाच शत्रू धरून चालला होता!

इसोगाई : शत्रू धरला असता तर डावात मी हरायची बाजू घेतली असती का? वडीलधाऱ्यानं हरायचं आणि धाकट्याला जिंकू द्यायचं, हे रोज करायला काय लागतं ते तुला कळतं का?

तोकुनागा : खोटं हरायला काही लागत नाही.

फुसाए : बाई बाई, काय जीभ चालते आज याची!

इसोगाई : चालू दे. ऐक, तोकुनागा. मी थांबलो होतो. वाटलं, तुझं तुला कळेल. ज्याचं अंग जागं आहे त्याला एक ना एक दिवस खांद्यावर वारा लागतो आणि तो म्हणतो, सेन्सेई, हे चुकतंय. ही विद्या विश्वासाची नाही, डोळे उघडे ठेवायची आहे. प्रत्येकानं आपलं आपण शोधायचं असतं. नाओयोशीनंही शोधलं.

फुसाए : काय शोधलं त्यानं?

इसोगाई : फुसाए.

फुसाए : नाही, आता बोलतेच! इतकंही खोटं बरं नव्हे. नाओयोशीला नवीन वर्षाच्या जेवणावर सांगितलंत तुम्ही. मी इथंच मुळा चिरत होते. तोंडात तांदळाची वडी धरूनच तुम्ही उठलात आणि पाय टाकून दाखवलात, वर म्हणालात, तोकुनागाला बोलू नकोस.

तोकुनागा : काकू, तुम्हाला माहीत होतं?

फुसाए : माहीत होतं रे. मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तू यायचास, जेवायचास, भांडी घासू लागायचास, आणि मला तुझ्याकडे बघवत नसे. माझंही चुकलं.

तोकुनागा : वा! म्हणजे अख्ख्या घराला माहीत. शपथ घेतलेला एकटा मीच तेवढा बाहेर.

इसोगाई : तुला राग येणं साहजिक आहे.

तोकुनागा : राग? सेन्सेई, माझी बदली आली होती, आठवतं? मोठ्या शहरात, मुख्याध्यापकाची जागा. बायकोनं सामान बांधायला घेतलं होतं. मी तुमच्याकडे विचारायला आलो, तर तुम्ही म्हणालात, एवढ्यात जाऊ नकोस, अजून थोडं राहिलंय. मी राहिलो. बायको अजून ते उकरून काढते आणि मी ऐकून घेतो. काय राहिलं होतं? एक पाऊल! उभ्या उभ्या दाखवता आलं असतं.

इसोगाई : दाखवलं असतं तर तू गेला असतास.

तोकुनागा : म्हणजे?

इसोगाई : म्हणजे काय, तेच. तेव्हाच तू माझ्यापुढे गेला होतास. हात माझ्याहून हलका, नजर माझ्याहून स्थिर. सगळे बघत होते. मला सगळ्यात आधी दिसलं. ते एक पाऊल सोडलं तर माझ्यापाशी तुला द्यायला काही उरलं नव्हतं. ते दिलं की तू वाकून नमस्कार करणार आणि दार लावून जाणार. मग या थंडगार तालमीत मी कुणाशी लढायचं? नाओयोशीशी? त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडे.

फुसाए : हे एवढं एक खरं बोललात.

तोकुनागा : तुम्ही मला अडकवून ठेवलंत. मी समजत होतो, मी शिकतोय.

इसोगाई : शिकत होतासही.

तोकुनागा : काय शिकत होतो, ते कसं ठरवू मी आता? चिझुरू आहे ना माझ्या तालमीत, नर्सचं काम करते ती? रात्रपाळी संपवून, न झोपता सरावाला येते. वसंतातल्या उत्सवात हाच डाव करणार आहे ती. परवा म्हणाली, सेन्सेई, तुम्ही आहात म्हणून मी डोळे झाकून पाय टाकते. हेच बोलली. उद्या संध्याकाळी ती माझ्यासमोर उभी राहील. तिला कुठला पाय सांगू? का मीही वीतभर अलीकडे थांबत राहू, तुमच्यासारखा?

इसोगाई : ऊठ.

तोकुनागा : काय?

इसोगाई : ऊठ म्हणतोय. कोपऱ्यातल्या दोन्ही तलवारी आण. दाखवतो. 

फुसाए : इथे? अहो, गुडघा सांभाळा! थांबा, शेगडी सरकवू दे. कपही उचलते.

इसोगाई : समोर उभा राहा. मी वरून येतो. तू मागं हटायचं नाहीस, बाहेर पळायचं नाहीस. तलवार सुटली की तिच्याच दिशेनं आत यायचं, उजवा पाय माझ्या दोन्ही पायांच्या मध्ये. भीती वाटेल. वाटू दे. मी थांबणार नाही हं, पूर्ण खाली आणणार आहे.

तोकुनागा : आणा.

(लाकडी तलवार सूं करत खाली येते. जमिनीवरच्या चटईवर एक पाऊल आपटतं.)

फुसाए : लागलं नाही ना रे कुणाला?

इसोगाई : नाही लागलं. बघितलंस, तोकुनागा? पहिल्याच खेपेला. बरोबर. अगदी बरोबर पडला पाय.

तोकुनागा : डावा टाकायचो तेव्हाही तुम्ही असंच म्हणायचात, सेन्सेई. याच आवाजात.