साहेबाच्या बंगल्यामागची खोपटी

चारचौघांत मोठ्यानं प्रश्न विचारायची माझी खोड तुम्हाला माहीतच आहे. ती कशी मोडली, ते सांगतो.

मागच्या महिन्यात वुडलँड्सच्या घरून मी आणि बायको कॉजवेच्या पुलावरून देशाच्या हद्दीपलीकडे, जोहोरमधला जुना रबराचा मळा बघायच्या टूरला गेलो. गाईड होत्या साठीच्या एक तमिळ बाई. मळ्याच्या साहेबाचा बंगला बघून झाला, फोटो झाले. मागे पत्र्याच्या छपराच्या बुटक्या खोल्यांची एक रांग दिसली.

मी सगळ्यांदेखत विचारलं, "हा गोठा का?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "नाही सर, मजुरांची घरं. तिसरं दार आमचं. मी तिथेच जन्मले."

बायकोनं माझ्याकडे बघायचंही टाळलं. मी सॉरी म्हणालो.

"असू दे सर. दर टूरला कोणीतरी विचारतंच."

काहीतरी सावरावं म्हणून मी विचारलं, "आई आहेत तुमच्या?"

"आहे ना! एकदा आपलं घर दाखव म्हणून सारखी मागे लागते," त्या म्हणाल्या. "पण तिला आणायचा धीर होत नाही. नेमकं तिच्यासमोर कोणी विचारलं तर?"