एकशेसाठवरून वीसवर

(बिश्केकमधली नऊमजली इमारत, चौथा मजला, सायरा आपांचं घर. शेजारची चोल्पोन आली आहे. दुपारचे सव्वादोन.)

सायरा आपा: बघ, व्हिडिओ कॉलवर पुन्हा गोठली! नातीचं तोंड उघडं ते उघडंच. चोल्पोन, आपल्या तीन वाजता तिकडे कोरियात बाळाच्या पायातली दोरी कापायची आहे. पहिलं पाऊल टाकायच्या वेळची आपली रीत! मी आशीर्वाद दिल्याशिवाय कात्री लावायची नाही, असं ठरलंय.

चोल्पोन: बघते, आपा. राउटरच्या चॅनलची रुंदी एकशेसाठ मेगाहर्ट्झवर कुणी नेली?

सायरा आपा: मीच. नातजावयाने फोनवर सांगितलं. पहिला आठवडा काय धावत होतं! त्याच्या दाढीचा केस न् केस दिसायचा.

चोल्पोन: आणि मग?

सायरा आपा: मग काय, चांगली गोष्ट एकटीनेच खायची? घरोघरी सांगून आले. केरिमबेककडे तर स्वतः बसून करून दिलं. सहा वाट्या चहा झाला.

चोल्पोन: घरोघरी म्हणजे किती घरी?

सायरा आपा: या जिन्यावरच्या सगळ्या. छत्तीस.

चोल्पोन: आपा! या खोलीत छत्तीस जणींनी जेवायला आपापला दस्तरखान ऐसपैस अंथरला तर?

सायरा आपा: एकीचं कोपर दुसरीच्या ताटात.

चोल्पोन: हवेतही तेच झालंय. जागा तेवढीच, पसारा प्रत्येकाचा मोठा. मग प्रत्येक राउटर शेजाऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत बसतो.

सायरा आपा: म्हणजे मी सगळ्यांना गप्प बसवलं?

चोल्पोन: दार वाजतंय.

केरिमबेक: आपा, नेटवर बघत होतो तो कोकबोरूचा सामना बंद पडला! घोडा हवेत, स्वार हवेत, बोकड हवेत. याहून रुंद काही आहे का तुमच्याकडे?

चोल्पोन: अरुंद करायचंय, केरिमबेक बाइके. वीसवर आणा.

केरिमबेक: वीस? अगं, एकशेसाठची सवय लागलेल्या माणसाला वीस म्हणतेस?

चोल्पोन: फोनवर बोलायला आणि तुमचा बोकड पळवायला वीस पुष्कळ झालं. पण एकट्याने करून भागणार नाही. सगळ्यांनी करायला हवं.

केरिमबेक: माझा सामना संपला की करतो.

सायरा आपा: केरिमबेक, माझ्या पणतीचे पाय बांधून ठेवलेत तिकडे. तुझ्या मुलीची दोरी कुणी कापली होती?

केरिमबेक: तुम्हीच, आपा. ...वीस म्हणालीस ना? मी वरच्या मजल्यांवर जातो.

चोल्पोन: खालचे मी घेते. नवव्या मजल्यावरची इराइम आत्या दार उघडत नाही, जोरात हाक मारा!

सायरा आपा: तीनला पाच कमी आहेत रे!

चोल्पोन: ...झालं, आपा. दोन घरांना कुलूप आहे, बाकी सगळी वीसवर. लावा फोन.

सायरा आपा: दिसली! अगं, हलतेय! काळीपांढरी दोरी पण दिसते. आवाज येतोय का गं तुम्हाला? आशीर्वाद घ्यायला तळहात उघडा सगळ्यांनी. बाळा, तुझी वाट रुंद...

केरिमबेक: काय झालं? गोठलं पुन्हा?

चोल्पोन: नाही. चित्र तर चालू आहे.

केरिमबेक: मग आपा का थांबल्या? आशीर्वाद तर तोंडपाठ आहे त्यांना.

सायरा आपा: गप्प बसा दोघं. आजीपासून ‘वाट रुंद असो’ म्हणत आलो, पण आज रुंद नाही म्हणणार. बाळा, तुझी वाट मोकळी असो. शेजाऱ्यांचीही. कापा दोरी.