सहा बिंदूंचं वर्तुळ

—नाही, तो कप तिथे नको, कीबोर्डपासून लांब ठेव, आणि ती खुर्ची ओढ इकडे, हलते जरा पण पडत नाही. हां. तुझ्या आईने फोनवर जे सांगितलं ना, त्यातलं मला अर्धंच कळलं—माझी बहीण सांगायला लागली की आधी भाजी, मग शेजारीण, मग तू. एका मार्काचं काहीतरी आहे, एवढं समजलं. आणि मावशीकडे जा म्हणाली, मावशीला गणित येतं. येतं बाई, चौतीस वर्षं कॉलेजात शिकवलं, येणारच. तोंडाने तू काही सांगणार नाहीस, ते ठाऊक आहे मला. पेपर आणलायस? काढून ठेव, बघते. पण एक मिनिट थांब, आधी ह्याला उडवते. हा प्राणी आज पुन्हा आलाय.

कुठला प्राणी म्हणजे? हा काय, स्क्रीनवर. अगं, ज्ञानकोश हा, कोणीही यावं आणि लिहावं असा. कोणीही! ऑपरेशन कोणीही येऊन करत नाही, वीज कोणीही येऊन जोडत नाही, पण गणिताचा लेख—या, बसा, लिहा! मी निवृत्त झाल्यापासून दोनशे अकरा लेख लिहिलेत इथे. नाव टाकलेलं नाही, टोपणनाव आहे, ‘लघुकोन’. हसतेस काय? चांगलं आहे. तर दोनशे अकरा लेख, आणि त्यांच्यावर रोज सकाळी आंघोळ झाली की पहारा. का, विचार. कारण लोक! एकाने ‘सरासरी’च्या लेखात उदाहरण म्हणून स्वतःच्या मुलाचे मार्क घातले—विषयवार, शेवटी टक्केवारी, वर ‘शाळेत दुसरा’. एकाने ‘शून्य’ या लेखाची सुरुवात केली, ‘शून्याला आपल्या आयुष्यात फार महत्त्व आहे.’ असेल तुझ्या आयुष्यात! काढलं. एकीने ‘समांतर रेषा’मध्ये कविता घातली, काढली. आणि काढताना कारण लिहावं लागतं, ही इथे खाली चौकट आहे बघ, ‘बदलाचं कारण’. ती रिकामी ठेवली तर पुढे जाताच येत नाही. तो नियम मीच भांडून करून घेतलाय. म्हटलं, उगाच कोणी हात लावायला नको, लावायचा तर कारण द्या.

आता आजचा हा. लेख कुठला, तर माझा सगळ्यात आवडता, वर्तुळाचे भाग. साधं आहे, तुलाही कळेल. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू प्रत्येकाला रेघेने जोडायचा, आणि आतले तुकडे किती झाले ते सांगायचं. दोन बिंदू, दोन तुकडे. तीन, तर चार. चार, तर आठ. पाच, तर सोळा. मग सहा? बत्तीस—म्हणालीस ना मनात? सगळे म्हणतात. आणि येतात एकतीस! अगं, तीच तर गंमत आहे. दुप्पट दुप्पट करत आलेला माणूस तिथे तोंडावर पडतो. अट एकच, कुठल्याही तीन रेघा आत एकाच ठिकाणी भेटायच्या नाहीत. ती अट मी ठळक अक्षरात लिहिलीय, पण वाचतो कोण? आकृती बघतात फक्त. आकृतीही माझीच, हाताने काढलेली, ह्या इथे बसून—कंपासमध्ये त्रिज्या धरली की तीच त्रिज्या घेऊन सहा बिंदू बरोब्बर बसतात, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. बाकीचे कॉम्प्युटरवर काढतात. माझ्यासारखी देखणी एकाची नाही.

तर हा येतो. आणि आकृतीखाली मी लिहिलंय ‘सहा बिंदू, एकतीस भाग’, तिथे एकतीसचे तीस करतो. कारण काय देतो, माहितेय? चौकटीत दोनच शब्द. ‘मोजून पाहिलं.’ बस! सूत्र नाही, सिद्धता नाही, मोजून पाहिलं! बाजारात लिंबं मोजतोयस का रे? आणि हा पहिला नाही. दोन वर्षांत तिसरा. मागच्याने तर चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘मी चार वेळा मोजलं.’ मी उत्तर दिलं, ‘पाचव्यांदा मोजा.’ परत आला नाही. ह्याचंही—हे बघ—उडवलं. कारण, ‘अभ्यास न करता केलेला बदल.’ झालं. शिवाय माझ्याकडे संदर्भ आहे, छापील. हा क्रमांक सात, अमुक मार्गदर्शक, पान अठ्ठ्याऐंशी, तिथे चक्क आकृती आणि एकतीस. छापलेलं असलं की ज्ञानकोशात कोणाची टाप नाही.

हां, दे आता पेपर. हे काय, वर्तुळ? बरं, बरं. ‘शेजारील आकृतीत वर्तुळाचे किती भाग झाले आहेत?’ म्हणजे तुमच्या शाळेनेही माझ्या लेखाची—थांब. ही आकृती माझी आहे. माझी म्हणजे काय, माझीच, ही बघ, छ बिंदूपाशी रेघ वर्तुळाच्या बाहेर जराशी गेलीय. तेव्हा दारावर कोणीतरी बेल वाजवली होती आणि हात हलला. पुन्हा काढायचा कंटाळा केला. कुठून घेतली त्यांनी? मार्गदर्शकातून? पुस्तक आणलंयस? पान अठ्ठ्याऐंशी. हो, तीच, रेघ बाहेर गेलेली. चोर लेकाचे! लेखातून उचलली, शब्दसुद्धा माझे, ‘दुप्पट होण्याचा मोह टाळावा’—हे माझं वाक्य आहे.

काय बघतेस अशी? हो, मग? त्यांनी माझं घेतलं, आणि मी त्यांचंच पुस्तक संदर्भ क्रमांक सात म्हणून दिलं. आलं लक्षात, ठीक आहे. माझ्याही आलं होतं. तेव्हा नव्हतं—नाही, आलं होतं. पुस्तक हातात घेतल्याबरोबर ती बाहेर गेलेली रेघ दिसली होती मला. पण म्हटलं, बरोबरच तर आहे उत्तर, मग कोणी कोणाचं घेतलं याला काय महत्त्व!

आणि तू काय लिहिलंस? तीस. तूसुद्धा! शाब्बास, चार जणांची टोळी झाली तुमची. बाईंनी फुली मारली, बरोबर मारली. म्हणून एक मार्क गेला, म्हणून स्पर्धेला पाच जणी जाणार त्यांत तू सहावी, आणि शनिवारी यादी लागणार. हे तुझ्या आईने सांगितलं, भाजीनंतर. तू बाईंकडे गेली होतीस? गेलीस? बोललीस?! काय म्हणाल्या? ही चिठ्ठी काय—‘तीस कुठे छापलंय ते शुक्रवारपर्यंत दाखव. ज्ञानकोशातही एकतीस आहे.’ अक्षर ओळखीचं वाटतं गं. सही... अरे, ही होय! ही माझ्या वर्गात होती. तीन वर्षं, खिडकीकडचं दुसरं बाक. काहीही विचारलं की हिची बोटं चालू, टेबलाखाली. मी एकदा सगळ्या वर्गासमोर तिचे हात वर करून दाखवले. म्हटलं, हे बघा, दहा बोटांचं गणित, अकरावं आलं की ही बाई रडणार. हसले सगळे. मोजून गणित होत नाही, असं तिच्याकडून वहीत पन्नास वेळा लिहून घेतलं. मग नाही मोजलं तिने कधी. पहिल्या वर्गात पास झाली. मीच—हो, मीच.

बरं, दाखव, तू काय मोजलंस. ह्या आकृतीत ह्या मुंग्या कसल्या? आकडे आहेत होय? एकेका तुकड्यात पेन्सिलीने आकडा घातलायस, परीक्षेत, एवढा वेळ! एक, दोन, तीन—ह्या कडेच्या सहा फाका—सात, आठ... चष्मा दे तो. नऊ, दहा. हा लिहायला राहिलाय का? नाही, लिहिलाय. बोलू नकोस मधे. बोलत नाहीसच म्हणा. अठरा. एकोणीस. चोवीस... एकोणतीस. तीस.

पुन्हा.

तीस. 

मधली जागा बघते. ही क ते घ, ही ख ते च, ही ग ते छ, तिन्ही लांब रेघा, आणि मध्ये... ह्या एकाच ठिकाणी भेटतायत. भेटणारच की! त्रिज्या धरून बरोब्बर सहा बिंदू काढले की समोरासमोरच्या रेघा केंद्रातूनच जाणार, सातवीतल्या पोराला कळेल. बिंदू जरा वेडेवाकडे असते, तर ह्या मधल्या जागी एवढंसं त्रिकोणी बीळ राहिलं असतं. तो एकतिसावा. आणि मी इतकं देखणं वर्तुळ काढलं, की तोच बुजून गेला. अट ठळक अक्षरात, आणि खाली आकृती ही! दोन वर्षं. रोज सकाळी बघत होते गं मी हिच्याकडे. रेघ बाहेर गेलेली दिसायची. मोजलं नाही एकदाही.

चहा पी तो, गार झाला. नको? ठेव मग.

बाईंना चिठ्ठी लिहून देऊ? नको? का, बाईंना राग येईल? येऊ दे. नाही, चिठ्ठीने काही होत नाही, ती म्हणेल ज्ञानकोश दाखव. हे बघ, एकतीस खोडलं. ‘तीस.’ खाली ओळ घालते, तीन रेघा केंद्रात भेटतात, आकृती अटीत बसत नाही, नवी काढायची आहे. क्रमांक सात काढला. आता—हो, दिसतंय मला. कारण मागतोय. रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही. काय लिहू? दोनशे अकरा लेखांवर कारणं देत बसले, आणि आत्ता एक सुचेना. ‘लघुकोन’ने काढलेली आकृती ‘लघुकोन’ने—ते इतिहासाच्या पानावर राहतं बरं का, कायमचं, कोणीही वाचावं असं. सकाळी उडवलेला तो वाचेल. तीसुद्धा वाचेल.

...

लिहिलं. दोनच शब्द. मोठ्याने वाचू नकोस.

हे छापते, घेऊन जा. आणि मागच्या बाजूला बाईंसाठी एक ओळ लिहून देते, तुला तोंडाने जमणार नाही. वाचलीस तरी चालेल: ‘दोन्ही हात टेबलावर ठेव आणि मोज.’ खाली सही. तिला कळेल कोणाची आहे ते.

आता अशी बघू नकोस माझ्याकडे. जा. पेन्सिल राहू दे इथे, दोनशे दहा आहेत अजून. आणि दार ओढून घे.