व्हॉल्व्हची ऊब आणि माझा सुळा

...बरं, भांडण त्यांचं, ॲम्प्लिफायर त्यांचे, मारामारी त्यांची, आणि सुळा कोणाचा पडला? माझा. वय वर्षं एकाहत्तर, संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, उभ्या आयुष्यात कोणाला साधी चापट मारली नाही, वर्गातसुद्धा नाही, आणि हे पाहा, इथे, ही खिंड. तुम्हाला सांगतो, चूक माझीही असेल, मी नाही म्हणत नाही. पण सुळा?

थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा कुठूनही सुरू होतो. माझा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. भाऊ गिटार वाजवतो, मेहुणा बेस गिटार, ती चार जाड तारांची, जिच्या आवाजाने कानाआधी पोट हलतं. मी खंजिरी वाजवतो. वाजवतो म्हणजे... हातात असते. रविवारी दुपारी भावाचा दवाखाना बंद असतो, तेव्हा पेशंट बसतात त्या खोलीत, किडक्या दाढेच्या भल्यामोठ्या चित्राखाली, आम्ही तिघे जमायचो. आठवड्यातले तेवढे दोन तास मी माणसांत असायचो. उरलेला आठवडा मी असायचो आणि माझ्या शंका असायच्या.

आता भांडण कशावरून? भावाचा ॲम्प व्हॉल्व्हचा. आत काचेचे दिवे, जुन्या रेडिओत असायचे तसले. चालू केला की ते तापेपर्यंत गप्प बसायचं, उचलायला दोन माणसं लागणार, आणि दाराच्या चौकटीला जरा घासला तर भाऊ असा कळवळणार की पेशंटची दाढ उपटताना तो पेशंटही तेवढा कळवळत नाही. मेहुण्याचा ॲम्प ट्रान्झिस्टरचा. बटण दाबा, वाजवा, टेम्पोतून पडला तर उचला, पुन्हा वाजवा. भाऊ म्हणायचा, "अहो लिफ्टवाले, तुमच्या डब्यातून सूर येत नाही, 'कृपया दरवाजा बंद करा' एवढंच येतं. आवाजाला ऊब लागते, ऊब." की मेहुणा तारा पुसत, खाली मान घालून, "ऊब हवी तर स्वेटर घाला, डॉक्टर." एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं अहो-जाहो करत एकमेकांच्या नरड्याला नखं लावत होते आणि मी मध्ये खंजिरी धरून बसलो होतो.

त्या रविवारी मेहुणा बोलून गेला, की डोळे बांधले तर डॉक्टरांना स्वतःचा ॲम्पही ओळखता येणार नाही. झालं. भावाच्या मानेची शीर अशी फुगली, मला वाटलं आता फुटते. म्हणाला, नाही ओळखता आला तर ॲम्प उचलून घरी नेतो, पुन्हा गिटारला हात लावणार नाही. आणि ओळखला, तर लिफ्टवाल्यांनी या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मेहुणा म्हणाला, कबूल.

आता मला सांगा, कोणीही जिंकलं तरी दोघांतला एक जाणार की नाही? मग माझ्या रविवारचं काय? मग मला युक्ती सुचली. मी विचार केला, परीक्षा आपण इतकी शास्त्रशुद्ध घेऊ, इतकी शास्त्रशुद्ध, की निकालच लागणार नाही. आमच्या विषयात ते सहज जमतं. आता चूक म्हणाल तर... असेल, माझीही असेल.

भावाच्या डोळ्यांवर मी दवाखान्यातलं हिरवं कापड बांधलं. दोन गाठी. गिटार तोच वाजवणार, कारण त्याचं म्हणणं कानाआधी बोटांना कळतं. गिटारची एकच वायर, पुढे तिला फाटा, दोन्ही ॲम्पना एकदम. ॲम्प दोन्ही चालू, कारण बंद केला तर व्हॉल्व्ह गार पडणार, म्हणजे अन्याय. आणि स्पीकर? स्पीकर एकच! कारण दोन निराळे स्पीकर ठेवले, तर फरक ॲम्पचा की स्पीकरचा हे कसं कळणार? नाही, सांगा ना, कसं कळणार? तेव्हा मी नाणं उडवायचं, छापा की काटा बघायचं, आणि स्पीकरची पिन याच्यातून उपटून त्याच्यात खुपसायची. असं वीस वेळा. बायकोला घरून बोलावून घेतलं, ती अपॉइंटमेंटच्या वहीत बरोबर-चूक लिहिणार. पिन बदलताना हात थांबव, एवढंच मी भावाला बजावलं होतं, पिन कशाची ते नाही. थांबवतोय कसला? मार तारा ओरबाडतोय, मांजर उशी फाडतं तसा.

बारा झाले. बायकोने वाचलं, सहा बरोबर, सहा चूक. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नाणं उडवून सांगितलं असतं तरी सहाच आले असते! निकाल नाही, कोणी जात नाही, माझा रविवार वाचला. पण मेहुणा हसला. हळूच हसला, पण बांधलेल्या डोळ्यांच्या माणसाला ऐकू जास्त येतं. भाऊ ओरडला, "दादा, आवाज वाढव. व्हॉल्व्ह रडल्याशिवाय बोलत नाही. पूर्ण फिरव."

मी दोन्हींचा पूर्ण फिरवला. खिडकीच्या काचा थडथडायला लागल्या. आणि तुम्हाला सांगतो, तेरावा बरोबर. चौदावा बरोबर. पंधरा, सोळा, सतरा... सगळे बरोबर! व्हॉल्व्हचा लागला की भाऊ मान मागे टाकून डोलायचा. "ही बघा. ही! ऐका लिफ्टवाले, ही ऊब! अशी खरखरीत, घशातली, जिवंत!" मीसुद्धा मनात म्हटलं, बाबा रे, आहे की काहीतरी. मग मला वास आला. मग धूर दिसला.

कारण काय माहीत आहे? व्हॉल्व्हचा ॲम्प वाजत असताना त्याचा स्पीकर कधीही काढायचा नसतो. कधीही! बाहेर पडायला वाट मिळाली नाही की सगळा जोर आतल्या आत उलटतो आणि ट्रान्सफॉर्मर जाळतो. ट्रान्झिस्टरवाल्याला स्पीकर काढल्याने काही होत नाही, म्हणून मेहुण्याच्या ध्यानीमनी नाही. मी तर खंजिरीवाला. खोलीत हे ठाऊक असलेला माणूस एकच, आणि त्याचे डोळे मी बांधलेले. दोन गाठी!

ती ऊब म्हणजे ॲम्पची घरघर होती हो.

भावाने कापड ओढून काढलं. धूर बघितला. आणि मेहुणा, अरे निदान तेव्हा तरी गप्प बसावं ना माणसाने? मेहुणा म्हणाला, "म्हणजे जळायला लागल्यावरच ओळखू येतो तर."

भावाने गिटार खाली ठेवली, नीट, स्टँडवर, आणि मेहुण्याच्या नाकावर अशी मूठ हाणली की रक्त थेट त्या चित्रातल्या दाढेवर. एकोणीस वर्षांचं अहो-जाहो त्या एका ठोशात गेलं. "तू चालू व्हॉल्व्हचा स्पीकर काढून माझा ॲम्प जाळलास!" "तुझ्या ॲम्पला हात कोण लावतोय, दातपाड्या!" मेहुण्याने बेस फिरवली. ती म्हणजे चांगला चार-पाच किलोचा सोटा. भावाच्या बरगडीवर बसली, भाऊ खुर्च्यांच्या रांगेवर आडवा, उठला तो खुर्ची घेऊनच. टीपॉयची काच फुटली. भावाने मेहुण्याचा ॲम्प डोक्यावर उचलला आणि फरशीवर आपटला. आणि आपटल्यावर, तुम्हाला खोटं वाटेल, तो गुणगुणतच होता. मेहुण्याचं नरडं भावाच्या दोन्ही हातांत, डोळे बाहेर आलेले, आणि तशात तो म्हणतो, "बघ... पडला... तरी चालू आहे." तेव्हा भावाने पेशंटच्या पाण्याचा आख्खा जग त्यात ओतला. एक निळी ठिणगी उडाली. मग तोही गप्प.

बायकोने जाऊन मेन स्विच बंद केला. दोघे जमिनीवर, रक्ताने माखलेले, आपापल्या मेलेल्या ॲम्पशेजारी, धापा टाकत.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? मी गप्प बसलो असतो तर? पण सवय हो, जन्माची सवय. मी म्हटलं, "शेवटचे पाच निकाल बाद धरावे लागतील. स्पीकर काढल्यामुळे व्हॉल्व्हवाला बिघडत होता."

भाऊ म्हणाला, "स्पीकर कोणी काढला?"

मी म्हटलं, "प्रत्येक वेळी मीच."

मेहुणा म्हणाला, "भाऊजी?"

बायकोने वहीतून डोकं वर काढलं आणि सांगितलं, "नऊ वेळा. मी बाजूला खुणा केल्या आहेत."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. दोघे एकदम उठले. आधी कोणाचा हात लागला हे मी अजून ठरवू शकलेलो नाही, दोन्ही शक्यता सारख्याच आहेत. एवढं नक्की, की सुळा चित्राखाली पडला आणि मी त्याच्या शेजारी.

मग त्याच दवाखान्यात, त्याच खुर्चीवर, माझ्या तोंडात कापसाचे बोळे कोंबून भावाने टाके घातले. मेहुण्याने दिवा धरला. भाऊ म्हणे, जरा डावीकडे घ्या; मेहुणा म्हणे, असा का? आणि टाके घालता घालता माझ्या उघड्या तोंडावरून दोघांचं बोलणं चाललेलं. ट्रान्सफॉर्मरच्या तारा पुन्हा गुंडाळता येतील का? येतील की, लिफ्टच्या मोटारींचं तेच काम करतो. मग तुमचाही वाळवून बघू. बघू. आणि दादांचं काय? यांना पुन्हा आत घ्यायचं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि मला साधं 'पण' म्हणता येईना, बोळे होते.

महिनाभर दोघांनी शेजारी बसून तारा गुंडाळल्या. आता दोन्ही ॲम्प उत्तम चालतात. बेत माझाच ना हो, की कोणी जाऊ नये? कोणी गेलं नाही. मी रविवारी दुपारी दवाखान्याबाहेर जिन्यात, पायरीवर वर्तमानपत्र घालून बसतो. आतून कोणता ॲम्प वाजतोय ते ओळखतो आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहितो. गेल्या रविवारी वीस वेळा ओळखला. आणि खरं सांगू, मला फरक कळतो. स्पष्ट कळतो. आता त्यातले किती बरोबर ते नाही सांगता येत... दार आतून लावलेलं असतं.