मॅडमनी अडवलेला गोल

हसू नका, पण कोच झाल्यावर पहिल्याच मॅचला मी माझ्याच टीमचा गोल अडवला होता.

चौदा वर्षं मी हॉकीत डिफेंडर होते. आपल्या गोलकडे येणारा बॉल अडवायचा, एवढंच काम. गुडघा गेला तसं खेळणं सुटलं. मग कोचिंगची परीक्षा दिली आणि बारामतीच्या एका क्लबनं मुलींची टीम पगारावर माझ्या हातात दिली. पहिली मॅच बघायला माझे वडील, आबा, उसाचं पाणी शेजाऱ्यावर सोपवून लासुर्ण्याहून आले.

मध्यांतरानंतर टीमनी बाजू बदलल्या, हे माझ्या डोक्यातनं साफ गेलं. स्टिक हातात घेऊन मी रेषेबाहेरनं ओरडत ओरडत पार गोलपर्यंत पोचले. तेवढ्यात समोरून सणसणीत फटका आला. मी आत उडी मारली आणि बॉल जागच्या जागी थांबवला.

फटका आमच्याच पोरीचा होता. एकटे आबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. "आडवला! बघा, आडवला! माझी पोरगी हाय ती!"

पंचांनी मला कार्ड दाखवून खुर्चीत बसवलं. नशीब माझं, पोरींनी पुन्हा गोल मारला आणि मॅच जिंकली.

मॅच संपल्यावर आमची कन्हेरी गावची कॅप्टन घाम पुसत आली, हात जोडून म्हणाली, "मॅडम, त्यांच्या अकरा जणींना आमी कसंबी चुकवू. पण तुमाला कोण चुकवणार?"