परत न आलेली शेरवानी

रविवार, तुळशीच्या लग्नानंतरचा. वेळ दुपारची, दुकान जेवणासाठी बंद. जागा नेरुळ, शिरवणे गावाच्या वेशीलगतचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान. हजर: दुकानाचे मालक हरेशशेठ, त्यांच्या पत्नी बेबीवहिनी, दुरुस्तीचे मास्तर आणि लिहून घेणारी मी. गैरहजर: त्यांची मुलगी प्राची. तिची काउंटरमागची खुर्ची रिकामी ठेवली होती, मी बसायला गेले तर वहिनींनी स्टूल पुढे केलं. पुढचं सगळं हरेशशेठचं बोलणं.

काय सांगू ताई तुम्हाला, कुठून सुरू करू तेच कळत नाय, डोकं अजून जागेवर नाय माझं. शिरवण्यातूनच सुरू करतो. आमी इथले आगरी, मूळचे. तो समोर टॉवर दिसतो ना, तिथून खाडीपर्यंत मिठागर होतं, माझा बाप त्यात राबायचा, पाय फुटलेले, कमरेला रुमाल, अंगात गंजीफ्रॉक. घरात चांगला सदरा एकच, पांढरा, आजोबांच्या पेटीत. बाप धरून भाऊ चार. ज्याला लग्नाला जायचं असेल तो घालणार, बाकीचे घरी. आणि बापाच्या स्वतःच्या लग्नात काय झालं, तर तो सदरा मोठ्या काकांच्या सासरी अडकलेला, म्हणून शेजाऱ्याचा मागून आणला. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि शेजारी आला मांडवात, म्हणाला मला पुढच्या गावाला जायचंय, सदरा दे. बापानं नवऱ्यामुलाच्या पाटावर बसल्या बसल्या सदरा काढून दिला. म्हातारा मरेपर्यंत सांगायचा, भर मांडवान मांगला रं, भर मांडवान.

माझा धंदा तिथून सुरू झाला असं मी मानतो. बाकी सगळे म्हणतात हरेश हुशार, हरेशनं टायमिंग साधलं. कसलं टायमिंग! जमिनी गेल्या, मिठागर गेलं, मी रबाळ्याला कपड्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो. परदेशी जाणारे शर्ट. बटण वाकडं लागलं की माल बाजूला. तो बाजूचा माल मी मालकाला सांगून उचलायला लागलो, बेबी रात्रंदिवस बटणं सरळ करायची, मी स्टेशनबाहेर गाडीवर लावायचो. गाडी दोनदा उचलून नेली, मग गाळा घेतला, मग हे दुकान. गावातल्या हळदीनं हात दिला. आमच्याकडं हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, तुमाला माहीतच हाय, अख्ख्या भावकीला एकसारखे शर्ट लागतात. मी एका भावकीला पोपटी दिला की दुसरी गुपचूप येऊन विचारणार, त्यांनी कुठला नेला, आमाला त्याच्यापेक्षा भारी दे. मी कधी एकाचा रंग दुसऱ्याला फोडला नाय. त्यावर दुकान उभं राहिलं.

मग शेरवान्या आणल्या, भाड्यानं. एका दिवसाच्या कपड्यासाठी पोरांनी एवढे पैसे का घालवायचे? पण बापाचा सदरा डोक्यात होता, म्हणून नियम केले. नवरामुलगा आला की त्याला मीच तयार करणार, नोकर नाय. शेरवानी मी चढवणार, फेटा मी बांधणार, कानामागं काजळाची तीट मी लावणार, आणि डोक्यावर हात ठेवून म्हणणार, सुखानं नांदा. मग फोटो. ही भिंत बघा, सगळे माझे नवरे. हसू नको बेबी, ताईंना कळलं मला काय म्हणायचंय ते. आणि परत घेताना कपडा मागायचा नाय, नवरा-बायकोला दोघांना बोलवायचं. मी पेढा देणार, बेबी पोरीची ओटी भरणार, खण-नारळ. मग ते आपणहून पिशवी काउंटरवर ठेवतात. मांडवात मागितल्यासारखं होत नाय.

आता ऐका. दसऱ्याच्या आधी एक पोरगा आला. एकटाच. लग्नसराई नाय, मुहूर्त नाय, आणि हा म्हणतो शेरवानी पाहिजे. मी विचारलं, आत्ता कुठलं लग्न रे? म्हणाला, रजिस्टर हाय काका, नंतर विहारात. नाव संदेश, तळोज्याच्या कारखान्यात लॅबला. आईवडील परभणीकडचे, वडील वारलेले. मी बाकी काय विचारायचं? गिऱ्हाईक गिऱ्हाईक असतं. मोती रंगाची काढली. ताई, मी इतकी वर्षं माणसांच्या पाठी बघतोय, पण अशी बसलेली शेरवानी नाय बघितली. मास्तरांनी नुसती बाही थोडी आत घेतली. बरोबर ना मास्तर? आणि मी, मी स्वतः, या तोंडानं, काउंटरकडं वळून ओरडलो, प्राची, बघ गं, खांदे असावेत तर असे, तुला पण असाच शोधतो!

ती बिल करत होती. मान वर न करता म्हणाली, हो पप्पा.

फक्त हो पप्पा.

मी त्याला विचारलं, मुलीचे वडील काय करतात? तो फेट्याखाली घामाघूम. म्हणाला, धंदा हाय त्यांचा. मी म्हटलं, मग मजा हाय तुझी. तीट लावली. डोक्यावर हात ठेवला. सुखानं नांदा म्हटलं. तो वाकला पाया पडायला, पोरं पडतात कधी कधी, पण हा उठेचना. मी म्हटलं ऊठ रे, शेरवानीला गुडघ्यात चुण्या पडतील. फोटो काढला, आठवड्यानं फ्रेम करून आला, मी स्टूलवर चढून लावला, खाली स्टूल कोणी धरलं होतं? प्राचीनं. म्हणाली, थोडा डावीकडं पप्पा, तिरका वाटतो.

मग दिवाळी. आमाला श्वास घ्यायला वेळ नाय. भाऊबीज झाली आणि सकाळी सकाळी एक बाई दुकानात आल्या. नऊवारी नाय, साधी सुती साडी, हातात पिशवी. जयभीम म्हणाल्या. मी म्हटलं जयभीम मावशी, बसा, काय दाखवू. त्या बसल्या नाय. भिंतीसमोर गेल्या, बरोब्बर त्या फोटोखाली उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हातांनी बोटं मोडली कडाकडा. माझं लेकरू, म्हणाल्या. मला बरं वाटलं, आया येतात फोटो बघायला. मग त्या काउंटरकडं वळल्या आणि प्राचीवरून पण बोटं मोडली.

मी म्हटलं, मावशी, ही माझी मुलगी.

त्या हसल्या. म्हणाल्या, ते ठावं हाय की मला. तुमी मनानं लई मोठे बघा. लेकरानं मला समदं सांगितलं, सासऱ्यानं सोताच्या हातानं शेरवानी घातली, तीट लावली, नांदा म्हणाले. मी तर रडलेच. रजिस्टर झालं तरी दिवाळीची घाई सरू द्या मग सूनबाई येईल, असं तुमीच म्हणलात म्हणून थांबले. आता न्यायला आलेय, रीतीनं, साडी आणलीय.

ताई, दुकानात दोन गिऱ्हाइकं, एकाच्या अंगात अर्धा शर्ट. मला वाटलं बाई चुकीच्या दुकानात आल्यात. मी प्राचीकडं बघितलं. डोळे खाली नाय घातले तिनं. म्हणाली, पप्पा, मी घरी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला बघितलंच नसतं. आधी गाव आडवं आलं असतं. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की तुम्ही त्याला आधी बघावं. तुम्ही बघितलं. तुम्हाला आवडला.

मला आवडला होता, ताई! तीच तर पंचाईत हाय. कोणी मला फसवलं म्हणू तर फसवलं कशात? हात माझा, तीट माझी, शब्द माझे. ती बाई बिचारी हादरून गेली, तिला तेव्हा कळलं की मला काय माहीतच नव्हतं. हात जोडून म्हणाली, दादा, लेकरानं मला पुरतं नाय सांगितलं, मला माफ करा, मी जाते. बेबी माळ्यावरून माल उतरवत होती, तिनं वरून सगळं ऐकलं, ती शिडीवरच बसली. आणि मी? मी एक शब्द बोललो नाय. हो पण नाय, नाय पण नाय. प्राचीनं थोडा वेळ वाट बघितली. मग दुकानाच्या किल्ल्या बेबीच्या हातात दिल्या, त्या बाईंचा दंड धरला आणि गेली. तिला वाटलं असेल पप्पा नाय म्हणाले. मी नाय म्हणालो नव्हतो. मी काहीच म्हणालो नव्हतो.

गावात कळायला किती वेळ लागतो! चुलतभाऊ आला, त्याच्या पोराची हळद हाय, शर्टांची ऑर्डर माझ्याकडं. म्हणाला, हऱ्या, तो फोटो उतरव, नायतर भावकी तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाय. आपली पोर, आपल्याच भिंतीवर हे, लोक हसतात. मी त्याच्यासमोर स्टूल घेतलं, चढलो, फोटो काढला पण. हातात घेतला तर काचेतून ती तीट दिसली, कानामागची. जरा पसरलेली. माझ्या अंगठ्याची हाय, मी नेहमी जरा जोरात लावतो. काच शर्टाच्या बाहीनं पुसली आणि परत खिळ्याला अडकवली. भाऊ म्हणाला, वेड लागलं तुला. ऑर्डर पनवेलला गेली. बेबी म्हणते, जाऊ दे, त्याला कुठलाच रंग पसंत पडत नव्हता.

पण शेरवानी. ताई, ती शेरवानी परत आली नाय अजून. मला लक्षातच आलं नव्हतं, कारण परत यायच्या कपड्यांकडं प्राची बघायची. ती गेली त्याच आठवड्यात हँगर मोजताना मोती शेरवानीची जागा रिकामी दिसली. आता मागायची तर कशी? नोकराला पाठवू? मग बापाच्या मांडवात जे झालं तेच मी करतोय. सोडून देऊ? मग तो पोरगा जन्मभर म्हणेल सासऱ्यानं बोलावलंच नाय. नियम एकच हाय, दोघांना बोलवायचं, एकत्र. आणि बोलावण्याचा फोन मालकानंच करायचा, तो पण माझाच नियम.

बेबीनं ओटीचा खण काढून ठेवलाय काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, हिरवा. नारळ बदलला पण, पहिला सुकला. रोज दुकान उघडलं की मला म्हणते, लावला का? मी म्हणतो, गिऱ्हाईक गेलं की लावतो. हसू नका, खरं सांगतो, इतकी वर्षं फोन मी करायचो पण नंबर लावून हातात प्राची द्यायची. पप्पा, बोला, रिंग जातेय. आता मीच लावायला घेतो, तिचं नाव येतं आणि बोट थांबतं. पोरगी सुखी राहावी, दुसरं काय मागायचं माणसानं. दोघं सुखानं नांदोत. हे मी त्याला एकदा बोललोय, आता तिच्यासमोर बोलायचंय.

चला, चार वाजायला आले, शटर उघडतो. मास्तर, वरची लाईट लावा.

राहिलेलं काम: फोन.