आधी कोण बोललं

—नाही, नाही, काढू नकोस, हात नळाखालीच राहू दे. गार वाटलं, बरं वाटलं, म्हणून काढायचा नसतो. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. हो, एवढा वेळ! सगळ्यांना वाटतं दोन तांबे पाणी ओतलं की झालं — वरची कातडी गार होते गं, आतली भाजतच असते, गॅस बंद केला तरी तवा तापलेला राहतो ना, तसं. आणि हे पांढरं काय फासलंयस? टूथपेस्ट. कोणी सांगितलं? राहू दे, नाव नको सांगूस, तुमच्या इस्त्री खात्यात सगळेच डॉक्टर आहेत. कुणी तेल लावतं, कुणी बर्फ चोळतं, मागे एक जण निळी शाई ओतून आला होता — मला वाटलं हात काळानिळा पडला. अंगठी काढ आधी. काढ, काढ, बोट सुजलं की मग ती कापावी लागते आणि मग तू रडणार आणि मी ऐकणार. साबण लाव थोडा. हां, निघाली. खिशात टाक, बेसिनवर नको ठेवूस.

थांब हं, जरा फोन लावून बघते… वाजतोय. नुसताच वाजतोय. उचलायचा प्रश्नच नाही, उचलावा म्हणून मी लावतच नाही. आमच्या ह्यांना गं, घरी. म्हणजे असं — दोनदा वाजू द्यायचा आणि कट करायचा. त्याचा अर्थ, रक्तदाबाची गोळी घ्या. मग ते तिकडून एकदा वाजवून कट करतात. त्याचा अर्थ, घेतली. आज नाही वाजला उलटा. सकाळपासून चारदा झालं माझं. छे गं, काळजी कसली, अबोला आहे आमचा. हसतेस काय? तुमच्याकडे नाही होत? होईल, होईल, थोडी जुनी हो. आमच्यात अबोल्याला नियम आहेत. गोळीचा फोन हा बोलण्यात धरायचा नाही, हा त्यातला एक. आज त्यांनी तोही मोडलेला दिसतोय, म्हणजे स्वारी जास्तच घुश्शात आहे.

कशावरून? काही नाही गं, उगाच. रविवारी नणंदेकडे गेलो होतो जेवायला. सगळी मंडळी बसलेली, आणि हे सगळ्यांसमोर म्हणतात, ‘ही जगाला पट्ट्या बांधत फिरते, पण माझं चार दिवस डोकं दुखतंय, हात लावून बघितला नाही हिने.’ आता सांग, दिवसभर इथे कारखान्याच्या दवाखान्यात उभं राहून, कुणाचं बोट कापलेलं, कुणाला वाफ लागलेली, कुणाला रिकाम्या पोटी येऊन चक्कर आलेली — घरी गेल्यावर मला कुणाचं काही बघवत नाही. खरंच नाही बघवत. भाजी चिरताना स्वतःचं बोट कापलं तर त्याच्याकडेही मी बघत नाही, फडकं गुंडाळते आणि पुढची भेंडी घेते. तर मी म्हणाले, ‘डोकं दुखायला आधी ते असावं लागतं.’ झालं. नणंद हसली, तिचे मालक हसले, कुणाला ठसका लागला. आणि हे गप्प. तिथून घरी येईपर्यंत गप्प, आणि मग काय, मीही गप्प. मी का आधी बोलू? चूक त्यांची. आणि मी आधी बोलत नाही. कधीच नाही बोललेय. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही नाही, विचार कुणालाही. शेवटी तेच येतात, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात, काहीतरी फालतू विचारतात — मीठ संपलंय का, आज वार कुठला — आणि मग आमचं सुरू होतं.

पाणी जरा बारीक कर, फोडावर धार नको जोरात. आणि फोड फोडायचा नाही हं, कितीही हात शिवशिवला तरी. तो म्हणजे देवाने दिलेलं बँडेज आहे, फुकटचं.

कंटाळलेय गं मी. खरं सांगू? ह्या खोलीला कंटाळलेय. ही खाट, हे लोखंडी कपाट, तो डेटॉलचा वास — घरी अंघोळ केली तरी जात नाही अंगाचा. दर महिन्याला मला तुम्हा सगळ्यांना त्या पॅकिंगच्या हॉलमध्ये उभं करून शिकवायचं असतं, तू नवीन आहेस, तुझी पाळी येईल. तो रबरी बाहुला आणायचा, त्याची छाती दाबून दाखवायची, मागच्या रांगेतले दात काढणार. मग लकव्याचं. मेंदूतला रक्तपुरवठा अडला तर माणूस कसा ओळखायचा — तीन गोष्टी. हसून दाखव म्हणायचं, तोंड एका बाजूला ओघळतं का बघायचं. दोन्ही हात वर करायला लावायचे, एक खाली येतो का. आणि एक साधं वाक्य बोलायला लावायचं, जड येतं का, बोबडं येतं का. तिन्हीतलं एक जरी दिसलं तर वाट बघत बसायची नाही, उचलायचं आणि न्यायचं, कारण औषध पहिल्या काही तासांतच लागू पडतं. मी दरवेळी मुकादमालाच पुढे बोलावते, ‘हसून दाखवा’, आणि तो म्हणतो, ‘सिस्टर, ड्युटीवर हसायची परवानगी नाही.’ दरवेळी हाच विनोद. दरवेळी सगळे हसतात. मीही हसते, काय करणार.

काय? तोंड वाकडं करत नाही मी, अशीच बसते. झोप नाही झाली. अबोल्यात झोप लागत नाही, दोघंही जागे असतो, दोघंही झोपल्याचं सोंग. आज सकाळी तर कहर झाला. मी डबा भरत होते, घाईत, आणि मागून आवाज आला. दारात उभे. म्हटलं, चला, आले ताळ्यावर, जिंकले मी. पण मी वळले नाही. तो दुसरा नियम — अबोल्यात एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, बघितलं की हसू येतं आणि सगळं वाया जातं. त्यांच्या पायांकडे बघते मी फार तर. एक चप्पल पायात, एक नाही. आणि बोलले काहीतरी, पण असं… तोंडात गोळा धरल्यासारखं. घ्यॉ घ्यॉ. मला इतका राग आला! म्हटलं, एक तर आधी बोलायला आलाय, ते तरी नीट बोला. कवळी नसेल घातली तोंडात. मी भिंतीकडे बघून म्हटलं — भिंतीला म्हणायची परवानगी आहे आमच्यात — ‘ज्याला बोलायचंय त्याने तोंडात दात घालून बोलावं.’ आणि माझ्या बाजूने हात घालून कप घेतला त्यांनी ओट्यावरचा, तो पडला. फुटला. चहा सगळा फरशीवर. मी तरी वळले नाही. मुद्दाम पाडला असं वाटलं मला. फडकं टाकलं, कपाचा कानच तेवढा उचलून बाजूला ठेवला, पर्स घेतली आणि निघाले.

काय म्हणालीस? कवळी वाटीतच राहिली असेल?

नाही गं. कवळी रात्री वाटीत असते, पाण्यात, बाथरूममध्ये. सकाळी ते घालतात ती. मग मी वाटी विसळते, पालथी घालते. आज पण विसळली की. दात घासतानाच विसळली, रिकामी होती, पालथी घालून…

रिकामी होती वाटी.

म्हणजे कवळी तोंडातच होती.

कप उजव्या हाताने घेतला. उजव्याच. चप्पल कुठली नव्हती? डावी होती पायात. डावी होती. उजवी नव्हती… ते बोलत होते गं. ते मला काहीतरी सांगत होते, आणि मी भिंतीशी बोलत बसले.

फोन. माझा फोन कुठाय? हातातच आहे. तू — तुझा दुसरा हात कोरडा आहे ना, तो टेबलावरचा फोन घे, ॲम्ब्युलन्सचा नंबर भिंतीवर लिहिलाय, लाल अक्षरात. भाजलेला राहू दे ओला, घे! लकवा म्हण. पुरुष आहे, म्हातारा आहे, बोलता येत नाहीये म्हण. पत्ता विचारला की मला दे.

—हॅलो, वहिनी? समोरच्या वहिनीच ना? मी बोलतेय. आमच्याकडे जा आधी. किल्ली आहे ना तुमच्याकडे, उघडून आत जा. हो, आत्ताच्या आत्ता, कुकर बंद करून जा. फोन चालू ठेवा. … गेलात? … काय? खुर्चीत? … शुद्धीवर आहेत का? डोळे उघडे आहेत? … बरं. बरं. पाणी नका देऊ! नाही, चमचाभरही नको, चहा नको, घशात अडकेल. गोळी कसलीच देऊ नका. वहिनी, त्यांना म्हणा हसून दाखवा. … म्हणा हो, मी सांगतेय म्हणून म्हणा. … कुठली बाजू? … उजवी. आणि हात? … बरं. बरं, आडवं करा त्यांना, कुशीवर, शेजारच्या काकांना बोलवा धरायला. गाडी येतेय.

—इकडे दे तो. हां, हॅलो, पत्ता लिहून घ्या. … कधीपासून? सकाळपासून. मी निघाले तेव्हापासून. … हो, माझ्यासमोरच झालं. मी घरात होते. … नर्स. हो, मी नर्स आहे. लवकर पाठवा हो. मोठ्या हॉस्पिटलला न्या, मेंदूचा स्कॅन होतो तिथे.

—वहिनी, ऐकताय? फोन त्यांच्या कानाला लावा. … लावा ना.

अहो. मी आहे. … घाबरू नका, झोपून राहा. सकाळी काय सांगत होता तुम्ही? सांगा ना परत. ऐकतेय मी. … हं. … हं. … हो. … कळलं. कळलं हो मला, सगळं कळलं. निघालेच मी.

एक अक्षर कळलं नाही गं.

माझी पर्स दे. ती खाटेवरची. तुझ्या हाताला अजून वेळ आहे, गेटवरच्या नळाखाली धर जाऊन, मग स्वच्छ ओलं कापड सैल गुंडाळ, आणि कुणी काही लावायला आलं तर लावू देऊ नकोस. आणि गेटवर सांग, सिस्टरला रिक्षा हवीय. काही विचारलं तर उत्तर देत बसू नकोस, आधी रिक्षा म्हण. माझ्याकडे काय बघत उभी आहेस? जा ना. पळ.